रूट ६६ : कोणाला थांबवणारी स्थळे?

रस्त्याकडेच्या ‘गमतीच्या’ स्थळांना समीक्षेत सहसा जागा मिळत नाही. सिमेंटचा तंबू किंवा निळा देवमासा यांत वाचण्यासारखे ते काय, असा प्रश्न पडतो. अमेरिकेतील रूट ६६ या महामार्गाच्या निमित्ताने मला तो उलटा विचारावासा वाटतो : ही स्थळे कोणासाठी लिहिली गेली?

१९२६ मध्ये क्रमांक मिळालेला हा रस्ता शिकागोहून आठ राज्ये ओलांडत कॅलिफोर्नियाला पोहोचतो. भरधाव मोटार थांबवायची तर पाटी अपुरी पडते. मग इमारतच पाटी होते. ॲरिझोनातील हॉलब्रूक येथील ‘विगवॅम मोटेल’ (१९५०) हे त्याचे ठळक उदाहरण. तिथली प्रत्येक खोली म्हणजे सिमेंटचा शंकू. पण विगवॅम हे ईशान्येकडील जमातींचे घुमटाकार घर. शंकूचा आकार मैदानी जमातींच्या टिपीचा. आणि हॉलब्रूकचा परिसर नवाहो व होपी लोकांचा. नाव एकाचे, रूप दुसऱ्याचे, भूमी तिसऱ्याची! गिऱ्हाइकाच्या डोक्यातला ‘इंडियन’ तेवढा त्यात अचूक उतरला आहे.

तरीही या स्थळांना केवळ बाजारू म्हणून हिणवणे मला पटत नाही. ओक्लाहोमातील कटूसाचा निळा देवमासा ह्यू डेव्हिस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पत्नीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बांधला. १९७८ मध्ये नवा द्रुतगती मार्ग सेलिग्मन गावाला वळसा घालून गेला आणि गावातली वर्दळ आटली. १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकच अधिकृत यादीतून गेला. तेव्हा एंजल डेल्गाडिलो या नाभिकाने व इतरांनी १९८७ मध्ये संघटना उभारून जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ दर्जा मिळवून दिला. इथे स्मरणरंजन हे पोट भरण्याचे साधन होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझा आक्षेप आहे तो निवडीला. याच रस्त्यावर कृष्णवर्णीय प्रवाशाला अनेक गावांत रात्री थारा नव्हता. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेल्या ‘ग्रीन बुक’मध्ये अशा प्रवाशांना जेवण व खोली कुठे मिळेल याची यादी असे. या पुस्तिकेला मी रूट ६६ची दुसरी संहिता मानतो. देखावा त्याच्यासाठी असतो, ज्याला कुठे थांबायचे ते निवडता येते. ज्याला निवड नाही, त्याला देखावा नको असतो, पत्ता हवा असतो.

ओक्लाहोमात ल्यूथरजवळ थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाचा पेट्रोलपंप आहे : वालुकाश्माची साधी, छोटी इमारत. शंकू नाही, देवमासा नाही. इथे पेट्रोल मिळेल आणि अपमान होणार नाही, एवढेच तिचे आकर्षण. छायाचित्रात ती फारशी उठून दिसणार नाही.

२०२६ हे या रस्त्याचे शताब्दी वर्ष. उत्सवात देवमासा हसेल, शंकूंपुढे छायाचित्रे निघतील, निघोत. मात्र या रस्त्याचा इतिहास सांगायचा, तर तो पाहण्याजोग्या स्थळांपाशी संपवून चालणार नाही. ज्या दारांवर थांबू दिले गेले नाही, त्या दारांचे स्मारक कोणी बांधत नाही. थ्रेट कुटुंबाच्या त्या साध्या भिंती म्हणूनच मला या रस्त्यावरचे सर्वांत बोलके स्थळ वाटतात.