स्वमग्नता आणि दाहाची रक्तचिन्हे : खानदेशाच्या संदर्भात एक परीक्षण

स्वमग्न बालकांच्या शरीरात दाहाची चिन्हे आढळतात, हे विधान आता निराधार म्हणता येणार नाही. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वार्गास, पार्डो प्रभृतींनी ११ स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूंची परीक्षा केली, तेव्हा मायक्रोग्लिया ह्या मेंदूतील रक्षक पेशी उद्दीपित झालेल्या दिसल्या. पुढे २०१५ मध्ये मासी प्रभृतींनी १७ अभ्यासांतील ७४३ स्वमग्न व ५९२ निरोगी व्यक्तींच्या रक्तपरीक्षांचे एकत्रित विश्लेषण केले. इंटरल्यूकिन-६ आदी दाहकारक सायटोकाइनांचे प्रमाण पहिल्या गटात सरासरीने अधिक भरले. ह्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानांविषयी.

दोन गटांच्या सरासरीतील अंतर म्हणजे एका मुलाचे निदान नव्हे, हे तर उघडच आहे. त्याहून मार्मिक गोष्ट टीजीएफ-बीटा-१ ह्या सायटोकाइनाची. २००५ च्या अभ्यासात मेंदूच्या ऊतीत ते विपुल आढळले. २०१५ च्या विश्लेषणात स्वमग्न गटाच्या रक्तात ते उणे ठरले. रक्त म्हणजे मेंदूत डोकावण्याची खिडकी, हे गृहीतच येथे डळमळते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत तर प्रश्न अधिकच बिकट होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल ह्या तालुक्यांत पावरा व भिल्ल समाजांची वस्ती असून ह्या समाजांत सिकलसेल विकार आढळतो. आई व वडील ह्या दोघांकडूनही हा दोष आलेल्या बालकात, वेदनेचा झटका नसतानाही, दाहाची रक्तचिन्हे चढलेली असू शकतात. नुकताच येऊन गेलेला ताप, वाहता कान, किडका दात हेही तोच परिणाम घडवितात. अशा मुलाचा आकडा परदेशी प्रमाणमूल्यांशी ताडून पाहणे म्हणजे पुराच्या पाण्यात विहिरीची खोली मोजणे होय.

शिवाय गट पाडावयाचे ते कशाच्या आधारे? स्वमग्नतेचे निदान आजही आईशी झालेल्या संभाषणावर आणि मुलाच्या निरीक्षणावरच होते. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ बालकांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही निदानाची वाट हीच होती; त्या पाचांत महाराष्ट्रातील एकही ठिकाण नव्हते. खानदेशात घरची बोली अहिराणी, पावरी वा भिलोरी, आणि परीक्षकाचे प्रश्न प्रमाण मराठीत! ‘बोटाने दाखवितो का?’ ह्या प्रश्नाचा आशय आईपर्यंत न पोहोचल्यास मूल चुकीच्या गटात जाते. मग प्रयोगशाळेतील मापन कितीही सूक्ष्म असो, ते व्यर्थ होय.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही. रक्तातील एका आकड्यावर विसंबून दाहशामक औषधे सुरू करण्याचा मोह आईबापांना होणे स्वाभाविक आहे. तथापि २००५ च्या अभ्यासातील पार्डो ह्यांनीच पुढे सहभागी होऊन मायनोसायक्लिन हे औषध ११ बालकांना सहा महिने देऊन पाहिले. मायक्रोग्लियाचे उद्दीपन त्याने शमेल, अशी अपेक्षा होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात मुलांच्या वर्तनातील सुधारणा नगण्य नोंदविली आहे.

खानदेशात असा अभ्यास हाती घ्यावयाचा झाल्यास तुलनेची मुले त्याच गावातील, शक्य तर त्याच घरातील भावंडे असावीत. आणि प्रत्येक नमुन्यासोबत सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष, शेवटच्या तापाची तारीख व आईची मुलाखत कोणत्या बोलीत झाली, ह्या तीन नोंदी असाव्यात.