वातोचा पिएरो आणि ‘उदास’ हा शब्द

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील वातोचे ‘पिएरो’ हे चित्र मराठीत उल्लेखिले जाते, तेव्हा बहुधा ‘विषण्ण विदूषक’ या दोन शब्दांनी. हे दोन्ही शब्द तपासून घेण्याजोगे आहेत. चित्राचे वर्णन करणारा शब्द चुकला, तर पाहणाऱ्याची दृष्टीही त्याच्यामागोमाग चुकते. आणि या चित्राच्या बाबतीत तसे एकदा घडूनही गेले आहे.

प्रथम चित्रात काय आहे ते पाहू. आंत्वान वातो (१६८४–१७२१) हा रोकोको शैलीच्या उदयकाळचा चित्रकार. त्याची ख्याती उपवनविहाराच्या लहान, नाजूक चित्रांवर उभी आहे. हे चित्र मात्र सुमारे १८५ सेंटिमीटर उंच व १५० सेंटिमीटर रुंद आहे. ते १७१८–१९ च्या सुमाराचे मानतात. इटालियन प्रहसनातील पिएरो हे पात्र पांढऱ्या पोशाखात, एका उंचवट्यावर, आपल्याकडे तोंड करून उभे आहे. बाह्या लांब, विजार आखूड, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. मागे खालच्या बाजूस त्याच नाटकमंडळीतील चौघे जण अर्धेच दिसतात. डावीकडे गाढवावर बसलेला डॉक्टर आहे. उजवीकडे प्रेमी युगुल आणि कॅप्टन आपल्याच गडबडीत आहेत. गाढवाचा एक डोळा थेट आपल्याकडे रोखलेला आहे. पिएरो मात्र काहीच करीत नाही. चित्रकाराने त्याला कोणतीही कृती दिलेली नाही, आणि माझ्या मते चित्राचे सारे मर्म या न देण्यात आहे.

मग विषाद आला कोठून? अठराव्या शतकातील कोणत्याही लेखात या चित्राचा निश्चित उल्लेख आढळत नाही. पिएरोची भूमिका करणाऱ्या बेलोनी नावाच्या नटाने काढलेल्या कॉफीगृहाची ही पाटी असावी, असा एक तर्क आहे; तो तर्कच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र देनोंच्या संग्रहात दिसते आणि १८६९ मध्ये ला काझ यांच्या देणगीने लूव्रमध्ये येते. मधल्या काळात दब्युरो या नटाने पॅरिसच्या रंगभूमीवर मूक पिएरो गाजविला होता, आणि रोमँटिक लेखकांनी त्याला एकाकी कवीच्या पदवीस नेले होते. प्रेक्षक हा नवा पिएरो मनात घेऊन जुन्या चित्रापुढे उभे राहिले. शिवाय त्या वेळी चित्राचे नाव ‘जिल’ असे रूढ होते. जिल हा जत्रेतील गावंढळ भोट. पिएरो त्याहून निराळा, नाटकमंडळीतला भोळा नोकर. नाव एकाचे, पोशाख दुसऱ्याचा आणि भाव तिसऱ्याच शतकाचा, असा हा संकर आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘विषण्ण’ म्हणजे खाली बसलेला, खचलेला. त्यातील ‘सद्’ धातू तेच सांगतो. हा पिएरो तर ताठ उभा आहे. ‘खिन्न’ शब्दात दडपले जाण्याचा, शिणण्याचा अर्थ आहे. चेहऱ्यावरील थकव्यापुरता तो चालेल. पण ‘उदास’? संस्कृतात ‘उद् + आस्’ म्हणजे बाजूला बसणे, अलिप्त राहणे. कौटिल्याच्या राजमंडलातील ‘उदासीन’ राजा दुःखी नसतो. तो कोणाच्याच पक्षात नसतो. मराठीत हा अर्थ ‘उदासीन’ या रूपात टिकला आणि ‘उदास’ शब्द मात्र दुःखाकडे झुकला. वातोच्या पिएरोला उदास म्हणावयाचे असेल, तर शब्दाच्या मूळ अर्थानेच म्हणावे. तो चालू खेळापासून बाजूला झालेला आहे. त्याला दुःख आहे किंवा नाही, याविषयी चित्र बोलत नाही.

‘विदूषक’ हा शब्द तर अधिकच गैरसोयीचा. संस्कृत नाटकातील विदूषक प्राकृत बोलतो, आणि पुष्कळ बोलतो. ‘मृच्छकटिका’तील मैत्रेयाला चारुदत्ताच्या दारिद्र्याचे खरोखर दुःख आहे, पण ते तो बोलून दाखवितो. आपला सोंगाड्या त्याहून जवळचा. मुळशी-पौडाकडच्या जत्रेत ज्यांनी तमाशा पाहिला असेल, त्यांना गवळणीतील मावशी आणि बतावणीतील सोंगाड्याची हजरजबाबी ठाऊक असेल. सरदाराचा प्रश्न संपण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. तो क्षणभर गप्प राहिला, तर खेळ पडतो. वातोने नेमका तो क्षण धरला आहे. पोशाख चढविला आहे, सोंग मात्र अजून आणलेले नाही. ‘सोंग घेणे’ आणि ‘सोंग आणणे’ यांतला फरक मराठीत इतक्या सहज दाखविता येतो, की परक्या भाषेतून ‘विषण्ण विदूषक’ उसना आणण्याचे प्रयोजन उरत नाही.

लूव्रने या चित्राची डागडुजी करून २०२४ मध्ये ते पुन्हा प्रदर्शनात मांडले. संग्रहालयाच्या नोंदीत त्याचे नाव आता ‘पिएरो, पूर्वी जिल म्हणून ओळखला जाणारा’ असे आहे.