हत्तीची साखळी आणि माणसाची

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगराशी एका हत्तीची कथा जोडलेली आहे. २००७ साली देवस्थानाला अर्पण केलेल्या ‘सुंदर’ या हत्तीला साखळदंडांनी जखडून ठेवल्याचे उघड झाले. देशोदेशींच्या प्राणिमित्रांनी आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ च्या जूनमध्ये तो बंगळुरूनजीकच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोहोचला. मुक्या जिवासाठी जग हलले, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु चैत्री यात्रेचा गुलाल ओसरल्यावर अशा कोणत्याही तीर्थाच्या पायऱ्यांवर जो केस वाढलेला, स्वतःशीच पुटपुटणारा मनुष्य मागे उरतो, त्याच्यासाठी कोण हलते?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यातही एक हत्ती आहे. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री मुलीच्या गाडीतून उतरतात आणि रस्त्याने चाललेल्या हत्तीमागे भान हरपून चालू लागतात. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. शास्त्रीबुवा रोग्याचा नमुना वाटत नाहीत. हरवलेपणातही त्यांचे कुतूहल जागे राहते. त्यांना आसरा देते ती माहुताची बायको चन्नम्मा. जिचे स्वतःचेच घर वाटेवर आहे, तिला ते ‘आई’ मानू लागतात आणि ती तो मान स्वीकारते. रोगाचे नाव तिला ठाऊक नाही. भूक व भीती मात्र ती ओळखते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो सर्वथा उचित होय.

तरीही एका ठिकाणी आमचे मन अडते. शास्त्रीबुवा विद्वान आहेत, प्रतिष्ठित आहेत आणि त्यांना शोधणारी लेक आहे. त्यांच्यासाठी आपले डोळे सहज पाणावतात. ज्याला शोधत कोणी येत नाही, ज्याच्या अंगाला दुर्गंधी येते, जो दिलेले अन्न भिरकावून देतो, त्याच्याविषयी हा चित्रपट आपली परीक्षा घेत नाही. शिवाय शास्त्रीबुवांची स्मृती परतणारी नाही. रस्त्यावरच्या पुष्कळ मनोरुग्णांची वाट मात्र बंद झालेली नसते. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कार्यासाठी. औषधोपचाराने भान आलेला मनुष्य आपल्या गावाचे नाव सांगतो आणि कार्यकर्ते त्याला घरी पोहोचवतात. असे हजारो जण परतले आहेत. म्हणजे ज्याला आपण बेघर म्हणतो, त्याला अनेकदा घर असते. आजाराने ती वाट पुसलेली असते.

साखळीचा प्रश्नही जुना नाही. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा बेड्यांना बंदी केली आणि निराधार भटकणाऱ्या रुग्णास संरक्षण देऊन त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरवले. तेव्हा अशा मनुष्याची वर्दी देणे ही तक्रार नसून साहाय्य आहे.

मार्ककृत शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा एक मनुष्य भेटतो. लोकांनी त्यालाही साखळदंडांनी बांधले होते. भानावर आल्यावर तो येशूबरोबर येऊ इच्छितो. परंतु प्रभू त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे धाडतो. बरे होणे तेथे घरी पोहोचल्यावर पुरे होते.

वाचकहो, ‘अस्तु’ अवश्य पाहा. चन्नम्माने पंडिताला जवळ केले, कारण ती त्याच्याजवळ थांबली. जोतिबाच्या पायऱ्यांवर असो वा आपल्या चर्चच्या दारी, नाणे टाकून पुढे जाण्याऐवजी आपणही थांबावे आणि त्या मनुष्यास त्याचे नाव व गाव विचारावे. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.