न्यूमन यांचा सभ्य गृहस्थ

कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन (१८०१–१८९०) यांस रोमन कॅथॉलिक पंथानें १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं संतपद दिलें. भाविकांच्या दृष्टीनें हा त्यांच्या कीर्तीवरील कळस होय. परंतु ज्यांस त्यांचा पंथ मान्य नाहीं, अशा वाचकांसाठींही त्यांनीं कांहीं मागें ठेविलें आहे. आणि तें ज्या उताऱ्यांत आहे, त्याचाच अर्थ बहुधा उलटा लावला जातो.

१८४५ मध्यें अँग्लिकन पंथ सोडून न्यूमन रोमन पंथांत गेले. पुढें डब्लिन येथें कॅथॉलिक विद्यापीठ काढण्याचें ठरलें, तेव्हां १८५२ मध्यें त्यांनीं जी व्याख्यानमाला लिहिली, तीच ‘दि आयडिया ऑफ ए युनिव्हर्सिटी’ या ग्रंथाचा गाभा होय. तींत ‘जंटलमन’चें एक प्रसिद्ध शब्दचित्र आहे. दुसऱ्याच्या मनास जपणारा, वादांत संयमी, प्रतिपक्षाशींही उदार असा हा गृहस्थ आहे. संदर्भापासून तोडून हा उतारा वारंवार पुढें केला जातो, आणि हाच न्यूमन यांचा आदर्श पुरुष, असा समज होतो.

प्रकरण शेवटपर्यंत वाचणारास मात्र निराळेंच दिसेल. विद्येनें येणारी ही सभ्यता श्रद्धेवांचूनही येऊं शकते, हें न्यूमन यांस दाखवावयाचें आहे. अथेन्सच्या पाठशाळांत बेसिल आणि जुलियन एकत्र शिकले. एक संत झाला, दुसरा ख्रिस्ती धर्माचा कट्टर वैरी. हें उदाहरण देऊनच ते विवेचन आटोपतें घेतात. चित्र इतकें मोहक उतरलें आहे कीं त्यांतील इशारा झाकला जातो. गैरसमजाचा थोडा दोष लेखकाच्या लेखणीकडेही जातो.

आमच्या मते न्यूमन यांचा खरा वारसा येथें आहे. विद्या हीच विद्येचें फळ, असें त्यांनीं ठासून सांगितलें. परंतु तिनें मनुष्य सदाचारी होतो, असें खोटें आश्वासन दिलें नाहीं. स्वतः विद्यापीठ उभारावयास निघालेल्या पुरुषानें आपल्या मालाची किंमत वाढवून सांगूं नये, ही सचोटी विरळा.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें लंडनच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून स्थापन झालें. सहवासावांचून परीक्षेवर पदव्या देणाऱ्या अशाच पद्धतीवर न्यूमन यांनीं याच ग्रंथांत कठोर टीका केली आहे. आमच्या घरांत अद्यापि मुलगा शिकला म्हणजे सुधारला, असें समाधानानें म्हटलें जातें. त्या समाधानास हा ग्रंथ धक्का देतो.

सभ्यतेपासून शीलापर्यंतची वाट न्यूमन यांनीं सर्वस्वीं धर्मसंस्थेच्या हातीं दिली. त्यांची श्रद्धा नसलेल्या वाचकास हें उत्तर पुरणार नाहीं. पण उत्तर नाकारिलें म्हणून प्रश्न टळत नाहीं. आणि तो विचारण्याचें धैर्य आमच्या शिक्षणसंस्थांनीं अजून दाखवावयाचें आहे.