मुरुडशेंग : पारंपरिक दावा आणि संशोधनाची कसोटी

प्रस्तावना :
मुळशी तालुक्यातील पानझडी जंगलात आढळणारी मुरुडशेंग (हेलिक्टेरिस आयसोरा) ही पोटातील मुरड्यावरील सर्वपरिचित वनौषधी होय. बाळगुटीत तिचे वेढे सहाणेवर उगाळून देण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. शेंगेला पीळ असतो म्हणून ती आतड्याच्या पिळावर गुणकारी, हे सादृश्य तिच्या नावातच दडले आहे. तथापि सादृश्य म्हणजे पुरावा नव्हे. अशा वनस्पतींवरील महाविद्यालयीन संशोधनलेखनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
पहिला दोष संकल्पनेचा. शूल आणि शोथ या भिन्न अवस्था असूनही अनेक लेखांत त्या समानार्थी योजल्या जातात. पुदिन्यातील मेन्थॉल स्नायुपेशींत शिरणारे कॅल्शियम रोखून आखडलेले आतडे सैल करते व कळ थांबवते. परंतु कळ थांबली म्हणजे दाह शमला असे नव्हे.

दुसरा दोष पद्धतीचा. उंदराच्या पंजात कॅरागीनन टोचून आणलेली सूज उतरली, एवढ्यावरून आतड्याचा दाह बरा होतो असे म्हणता येत नाही. मुरुडशेंगेत रोझमॅरिनिक आम्लाची संयुगे आढळली आहेत; पण संयुग आढळणे आणि त्यामुळेच गुण येणे यांत मोठे अंतर आहे. हळदीतील कर्क्युमिन अनेक चाचण्यांत फसवा निकाल देते आणि शरीरात अत्यल्प शोषले जाते, याकडे २०१७ मधील एका समीक्षालेखाने लक्ष वेधले होते. याउलट, ज्या धोतऱ्याला आपण विष मानतो त्यात हायोसिन असते. त्याच अल्कलॉइडपासून बनणारे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड पोटातील कळीवर दिले जाते. औषधाचा निर्णय लौकिकाने नव्हे, तर मोजलेल्या मात्रेने होतो.

तिसरा दोष नैतिक. माहिती देणारी कातकरी वा धनगर वृद्धा ‘स्थानिक लोक’ या दोन शब्दांत हरवते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद झाली. आपल्या लेखांत मात्र त्या ज्ञानाचे श्रेय क्वचितच दिसते.

निष्कर्ष :
वनस्पतीचा प्रमाणित नमुना, वापरलेला भाग, मात्रा, कालावधी आणि माहितीदाराची संमती यांची नोंद नसलेला लेख संशोधन या संज्ञेस पात्र ठरत नाही. पोटदुखीमागे आंत्रपुच्छाचा दाहही असू शकतो. अशा वेळी ‘सिद्ध झाले आहे’ हे आपले एक सैल वाक्य रुग्णाला रुग्णालयात पोहोचण्यास उशीर करू शकते, याचे भान प्राध्यापक-संशोधकांनी ठेवणे अगत्याचे आहे.