ब्लॅकमोर्स नाइट

ब्लॅकमोर्स नाइट : यूरोपीय प्रबोधनकाळातील संगीतापासून प्रेरणा घेऊन लोक-रॉक शैलीत रचना करणारा वाद्यगायनवृंद. स्थापना १९९७. ब्रिटिश गिटारवादक रिची ब्लॅकमोर (जन्म १४ एप्रिल १९४५) आणि अमेरिकन गायिका व गीतरचनाकार कँडिस नाइट (जन्म ८ मे १९७१) ही या वृंदातील दोन स्थिर नावे होत. इतर वादक वेळोवेळी बदलत गेले. वृंदाच्या नावात दोघांची आडनावे गुंफलेली असून इंग्रजी उच्चारात त्यातून ‘रात्र’ आणि ‘मध्ययुगीन सरदार’ असे दोन्ही अर्थ सूचित होतात. शॅडो ऑफ द मून (१९९७) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून नेचर्स लाइट (२०२१) पर्यंत वृंदाच्या अकरा ध्वनिमुद्रिका निघाल्या; त्यांत नाताळगीतांची विंटर कॅरल्स (२००६) ही एक होय.

प्राचीन संगीताचे पुनरुज्जीवन आणि रॉक संगीत यांची गाठ ब्रिटनमध्ये या वृंदाच्या पुष्कळ आधी पडली होती. विस्मृतीत गेलेली वाद्ये पुन्हा घडविण्याचे व वाजविण्याचे कार्य आर्नल्ड डॉल्मेच (१८५८–१९४०) यांनी सुरू केले आणि डेव्हिड मन्‍रो (१९४२–७६) यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘अर्ली म्यूझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन’ या वृंदाने ते सामान्य श्रोत्यांपर्यंत नेले. शर्ली व डॉली कॉलिन्स या भगिनींच्या अँथेम्स इन ईडन (१९६९) या ध्वनिमुद्रिकेत लोकगीतांना साथ होती ती मन्‍रो यांच्या वादकांची. ‘स्टीलाय स्पॅन’ या वृंदाने १५८२ मध्ये मुद्रित झालेल्या संग्रहातील एक लॅटिन नाताळगीत १९७२ मध्ये वाद्यांच्या साथीविना गायिले व ते लोकप्रिय झाले. ‘ग्रिफॉन’ या वृंदाचे रिचर्ड हार्वी व ब्रायन गलंड हे संस्थापक तर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचे विद्यार्थी होते. या साऱ्यांची वाट प्राचीन संगीताकडून अथवा लोकसंगीताकडून रॉककडे आली. ब्लॅकमोर यांची वाट नेमकी उलट आहे आणि या वृंदाचे गुणदोष समजून घेण्यास ही दिशा लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

‘डीप पर्पल’ (१९६८–७५, पुन्हा १९८४–९३) आणि ‘रेनबो’ या दोन वृंदांमुळे ब्लॅकमोर यांची कीर्ती कर्कश, विद्युत्‌-ध्वनिवर्धित गिटारशी निगडित झाली. तथापि जुन्या संगीताचा संस्कार तेव्हाही लपलेला नव्हता. मशीन हेड (१९७२) या ध्वनिमुद्रिकेतील ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गीताची सर्वतोमुखी झालेली आरंभीची स्वरावली समांतर चतुर्थांनी बांधलेली आहे. म्हणजे चार स्वरांचे अंतर राखून दोन स्वर एकत्रच वर-खाली सरकतात. अशी समांतर चाल मध्ययुगीन चर्चसंगीतातील आरंभीच्या बहुस्वरी गायनात आढळते. प्रबोधनकाळातील शास्त्रकारांना मात्र ती चालली नसती. ‘रेनबो’च्या १९७५ मधील पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत सोळाव्या शतकातील ग्रीनस्लीव्ह्ज या धुनीचे नाव मिरविणारे एक गीत आहे आणि ‘टेंपल ऑफ द किंग’ हे त्याच ध्वनिमुद्रिकेतील दुसरे गीत २०१३ मध्ये ब्लॅकमोर्स नाइटने नव्याने ध्वनिमुद्रित केले. तेव्हा १९९७ मधील बदल हे धर्मांतर नसून जुन्याच ओढीने पुढे येऊन मुख्य जागा घेणे होते, असे म्हणावे लागते.

‘प्रबोधनकालीन’ हे विशेषण या वृंदाच्या बाबतीत सैल अर्थाने घ्यावे लागते. फायर्स ॲट मिडनाइट (२००१) या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकगीतासाठी तेराव्या शतकातील कॅस्टीलचा राजा दहावा आल्फॉन्सो याच्या नावाशी जोडलेली धून घेतली आहे. सीक्रेट व्हॉयेज (२००८) मध्ये माँतसेरात येथील मठात जपलेल्या चौदाव्या शतकातील हस्तलिखितातले यात्रेकरूंचे गीत आहे. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत चायकॉव्हस्कीच्या स्वान लेक (१८७७) या नृत्यनाट्याची धून येते. जोन बाएझ व बॉब डिलन यांची गीतेही आहेत. सहा-सात शतकांचे असे गाठोडे बांधणाऱ्याला इतिहासकार म्हणता येणार नाही. त्याने तसा दावाही केलेला नाही.

या वृंदावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप अशुद्धतेचा आहे. संश्लेषक वाद्याचे कृत्रिम ध्वनी, गिटार आणि ढोल यांनी सोळाव्या शतकातील नृत्यधुना वाजविणे हा त्या संगीताचा विपर्यास होय, असे शुद्धतावाद्यांचे म्हणणे. परंतु हा आक्षेप इतिहासालाच धरून नाही. वृंदाच्या ‘रेनेसाँ फेअर’ या गीताची धून टिलमन सुसाटो या अँटवर्पच्या मुद्रक-संगीतकाराकडून घेतली आहे. त्याने १५५१ मध्ये नृत्यधुनांचे जे पुस्तक छापले, त्याच्या मुखपृष्ठावरच या धुना सर्व प्रकारच्या वाद्यांवर वाजविण्याजोग्या आहेत असे सांगितलेले आहे. कोणते वाद्य घ्यावे, हे त्या काळी बहुधा वादकावर आणि हाताशी काय आहे यावर सोपविलेले असे. विद्युत्‌-गिटारचा त्या धुनेवरील हक्क त्यामुळे नाकारता येत नाही.

खरी हानी झाली आहे ती अन्यत्र. सुसाटोच्या धुना चार स्वतंत्र स्वरपंक्तींत लिहिलेल्या आहेत. वरची पंक्ती ठळक असली तरी मधल्या दोन पंक्ती आपापल्या चालीने चालतात, कधी एकमेकींना अडवितात, कधी उशिरा येऊन मिळतात. ऐकणाऱ्याच्या पायांना ओढ लागते ती त्यामुळेच. ब्लॅकमोर्स नाइटच्या रूपांतरांत वरची धून तेवढी उरते. मधल्या पंक्तींच्या जागी संश्लेषक वाद्याचे भरीव स्वरपुंज येतात आणि तळाशी रॉकचा समान आघात बसतो. प्रत्येक चरणावर सारखाच भार पडल्याने नृत्याची चाल कवायतीकडे झुकते. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत हा दोष विशेष जाणवतो. ‘ग्रिफॉन’ची तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. त्यांच्या गायनात कँडिस नाइट यांच्या आवाजाचे मार्दव नाही. परंतु क्रुमहॉर्न, बासून आणि गिटार एकमेकांशी बोलतात, प्रत्येकाला आपली बाजू असते.

जेथे मूळ रचनाच साधी व सर्व स्वर एकत्र हलविणारी आहे, तेथे हा वृंद चांगलाच खुलतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘पासटाइम विथ गुड कंपनी’ हे तीन आवाजांचे गीत याचे उत्तम उदाहरण होय. सोबत्यांनी मिळून म्हणावे म्हणूनच ते रचलेले आहे. अंडर अ व्हायोलेट मून (१९९९) मध्ये ते समाविष्ट असून सभागृहातील श्रोते सुरात सूर मिसळू लागले की गीताचा मूळ हेतू आपोआप साधतो.

या वृंदाचे प्रबोधनकाळाशी सर्वांत जवळचे नाते कोठे आहे, याचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. ते वेशभूषेत नाही आणि शॉम, रेकॉर्डर, हर्डी-गर्डी या वाद्यांतही फारसे नाही. शॉम हे आपल्या सनईच्या जातीचे दुहेरी पत्तीचे वाद्य, तर हर्डी-गर्डीत चाक तारांवर घासून तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर मिळतो; परंतु या वृंदात ती बहुधा रंग भरण्यापुरतीच येतात. ते नाते आहे ब्लॅकमोर यांच्या तत्क्षणस्फूर्त गिटारवादनात. स्पॅनिश संगीतकार दिएगो ऑर्तिस याचा १५५३ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच विषयाला वाहिलेला आहे. ठरलेल्या मंद्र स्वरांची मालिका पुनःपुन्हा वाजत असताना तिच्यावर नवनवे अलंकार कसे रचावेत, लांब स्वराचे लहान स्वरांत विभाजन कसे करावे, हे त्याने उदाहरणांनिशी दाखविले. धून दुसऱ्यांदा आली की ती तशीच वाजवायची नाही, हा त्या काळच्या वादकांचा संकेत होता. १५८० मध्ये प्रथम नोंद झालेली ग्रीनस्लीव्ह्जही अशाच एका परिचित मंद्र मालिकेवर उभी आहे. आवर्तनाला धरून राहणे, त्याच्या आत स्वरांचे विभाजन करीत जाणे आणि नेमक्या स्वरावर परतणे ही कला ब्लॅकमोर यांनी रॉकच्या रंगमंचावर तीस वर्षे घोटली होती. आश्चर्य हे, की ज्याला श्रोते त्यांच्या संगीतातील ‘रॉकचा अंश’ समजतात, तोच ऑर्तिसच्या शिष्याला ओळखीचा वाटला असता. आणि ज्याला ‘प्राचीन अंश’ मानतात, तो बराचसा नेपथ्यात मोडतो.

हे नेपथ्य वृंदाच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे, हे मात्र खरे. जर्मनीतील व अन्यत्रच्या किल्ल्यांत कार्यक्रम करणे, कालोचित वेशात येणाऱ्या श्रोत्यांना पुढच्या रांगा देणे, वादकांनी ‘लार्चमाँटचा भाट डेव्हिड’ यासारखी नावे धारण करणे या प्रथा अमेरिकेत १९६३ पासून भरू लागलेल्या प्रबोधनकालीन जत्रांच्या परंपरेत बसतात. त्यांत निरागस गंमत आहे. पण गीतांच्या शब्दांवर तिचा परिणाम झाला आहे आणि तो हितकारक नाही. कँडिस नाइट यांच्या गीतांत चंद्र, अरण्य, भटके गायक, जीर्ण मनोरे वारंवार येतात. वातावरण दाटते, पण विचार पुढे सरकत नाही. जॉन डाउलंडचा ल्यूट-गीतांचा पहिला संग्रह १५९७ मध्ये, म्हणजे या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या बरोबर चारशे वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. त्यातील विषाद हा युक्तिवाद करणारा विषाद आहे. एकेक शब्द स्वराला वळण देतो. त्या मोजमापाने पाहता नाइट यांचे गीतलेखन उणे पडते. त्यांचा आवाज मात्र स्वच्छ, अल्पकंपी आणि फारसा जोर न लावणारा असल्यामुळे जुन्या धुनींना मानवतो.

ढोल बाजूला ठेवून केवळ गिटार वा मँडोला आणि आवाज यांवर उभ्या असलेल्या रचना वृंदाच्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत थोड्याफार आहेत. अभ्यासकाने आरंभ त्यांपासून करावा. त्यानंतर पास्ट टाइम्स विथ गुड कंपनी (२००२) ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका ऐकावी. तीत धुनींची आवर्तने स्टुडिओतील आवृत्त्यांपेक्षा मोकळी आहेत आणि गिटारला विभाजनासाठी पुरेसा अवकाश मिळालेला आहे.