वादीही आईबाप, प्रतिवादीही आईबाप

वात्सल्य हा मराठी वाङ्मयाचा फार आवडता विषय आहे; परंतु त्याचा संचार आजवर बहुधा उंबरठ्याच्या आतच झाला. १९३५ साली प्रसिद्ध झालेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. मुलाच्या मनाला मळ लागू नये म्हणून ती माउली अहोरात्र जपते. पण त्याच्या छातीत जाणाऱ्या हवेसाठी सरकारदरबारी दाद मागण्याचा प्रसंग तिच्यावर येत नाही. धुराचीही आपल्या कथाकारांनी अशीच वासलात लावली आहे. सासुरवाशिणीने डोळ्यांतले पाणी चुलीच्या धुरावर ढकलावे, हा आपला जुना संकेत. त्याच धुराने तिला खोकला जडला असेल, ही शंका फारशी कोणास शिवली नाही.

म्हणूनच गेल्या दहा-बारा वर्षांत आईबापांनी हवेसाठी जे अर्ज, याचिका आणि जबान्या लिहिल्या, त्यांकडे वाङ्मय म्हणून पाहावेसे वाटते. कोर्टाचा कागद हे वाङ्मय कसे, असे कोणी विचारील. ज्या लेखनात मनुष्य आपल्या सर्वांत प्रिय वस्तूविषयी परक्याची खात्री पटवू पाहतो, त्यास टीकेची कसोटी लावावयास आमच्या मते काहीच हरकत नाही.

या वर्गातील आपल्याकडील ठळक उदाहरण दिल्लीचे. २०१५ साली सहा ते चौदा महिने वयाच्या तीन बालकांच्या नावे त्यांच्या पित्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. फटाके, शेतात जाळले जाणारे पिकांचे अवशेष, धूळ, अशा अनेक कारणांवर तीत बोट ठेवले होते. ज्यास अजून बोलता येत नाही त्यानेच फिर्याद करावी, ही कल्पना कोणाही रसिकाच्या अंतःकरणास भिडेल अशीच आहे. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल लागला. फटाक्यांवर सरसकट बंदी आली नाही. कमी धुराचे फटाके तेवढे चालतील आणि दिवाळीत ते रात्री आठ ते दहा या वेळात उडवावे, असे ठरले. प्रतिवादी म्हणून सरकार उभे होते. कारखानदारांनी आपल्या धंद्याची बाजू मांडली. पण खरा प्रतिवादी त्या खटल्यात कोठेच दिसत नाही. तो म्हणजे मुलाची हौस पुरविण्यासाठी पिशवीभर फटाके घेऊन घरी येणारा बाप! वादीच्या पाठीशी बाप आहे आणि समोरही बापच आहे. या नाट्याची जाणीव याचिकेत नाही, ही तिची उणीव होय.

तिच्या शेजारी लंडनमधील रोझमंड अडू-किसी-डेब्रा या शिक्षिकेची कहाणी ठेवून पाहावी. रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी तिची नऊ वर्षांची मुलगी एला फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. २०१४ च्या चौकशीत हवेचा दोष नोंदला गेला नाही. आईने तो निर्णय २०१९ मध्ये उच्च न्यायालयाकडून रद्द करविला आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत, दूषित हवेने या मृत्यूस हातभार लावला, असा स्पष्ट निष्कर्ष निघाला. हवेच्या धोक्याची माहिती या आईस कोणी दिली नव्हती, हेही तेथे नमूद झाले. ती असती तर आपण घर बदलले असते, असे तिने सांगितले. या जबानीचे सामर्थ्य आमच्या मते येथे आहे. तिने स्वतःचे वागणेही पुराव्यात मांडले. रडून सहानुभूती मिळविणे सोपे होते. तिने सात वर्षे पुरावा मागितला.

हवामानबदलाच्या फिर्यादीस असे एक घर, एक रात्र, एक श्वास दाखविता येत नाही. २०१७ साली उत्तराखंडातील नऊ वर्षांच्या एका मुलीच्या नावे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे अशी फिर्याद गेली. जानेवारी २०१९ मध्ये ती निकाली निघाली आणि पदरात काही पडले नाही. पुढे २०२४ साली, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात मान्य केला. परंतु हक्क मान्य होणे निराळे आणि त्याची वेदना वाचकास जाणवणे निराळे. फुटलेल्या बोंडांवर अवकाळी पाऊस पडल्यावर मुलाच्या फीचा हिशेब पुन्हा मांडणारा वऱ्हाडचा बाप अद्याप अशा एखाद्या अर्जात यावयाचा आहे.

आमच्या दिग्रसपुरते बोलावयाचे तर आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीही आहोत. वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटून पेटविल्या जातात; दिवाळीत फटाके आमचीच मुले उडवितात. मात्र सर्व धूर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. सिलिंडर भरावयास पैसे नाहीत म्हणून पऱ्हाट्यांवर भाकरी भाजणारी बाई आणि हौसेखातर लड लावणारा गृहस्थ यांचा अपराध सारखा नव्हे. त्याहून निराळी गोष्ट वणीच्या कोळसापट्ट्यातील आणि चंद्रपुरातील आईबापांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. तेथील धूर तेथील आयांनी केलेला नाही. कोळशाच्या विजेवर पंखे फिरविणाऱ्या आम्हा सर्वांचा त्यात वाटा आहे.

उद्या गावातील पालकांनी नगरपरिषदेकडे हवेसंबंधी अर्ज करावयाचे मनात आणले, तर त्यात मागण्यांच्या आधी एक परिच्छेद असावा, असे आम्ही सुचवू. यंदा आमच्या घरातून किती धूर निघाला, तो कशासाठी निघाला आणि त्यातला कोणता आम्हांस आजच थांबविता येईल, एवढेच त्यात लिहावे. तेवढे प्रामाणिकपणे लिहिले गेले, तर पुढच्या मागण्या वाचताना अधिकाऱ्यास त्या सहजासहजी बाजूला सारता येणार नाहीत.